पहिल्या मालकाची बचत, दुसऱ्या मालकाचं बिल

सेकंड हँड गाडीची जाहिरात वाचताना नजर आधी दोन आकड्यांवर जाते. एक किंमत, दुसरा रनिंग. ‘सिंगल ओनर, १ लाख ३० हजार रनिंग, इन्शुरन्स चालू, टायर नवे.’ या सगळ्याच्या मधे कुठेतरी दोन शब्द असतात: ‘डिझेल, मॅन्युअल’ किंवा ‘पेट्रोल, ऑटोमॅटिक’. आवड म्हणून आपण ते वाचतो आणि पुढे जातो.

माझ्या मते जाहिरातीतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द तेच. गाडी ज्या वर्षी नवी विकली गेली, त्या वर्षी तेलाचा भाव काय होता, सरकार कशाला सवलत देत होतं, कुठल्या कंपनीकडे कुठलं इंजिन तयार होतं, हे सगळं त्या दोन शब्दांत साठलेलं असतं. पहिल्या मालकाने त्या काळाचा हिशेब करून गाडी घेतली आणि त्याचा फायदा त्याला मिळाला. आठ-दहा वर्षांनी गाडी आपल्याकडे येते तेव्हा तो काळ संपलेला असतो. यंत्र मात्र तेच असतं, दीड लाख किलोमीटर झिजलेलं.

या वर्षी आमच्या घरासाठी चार लाखांच्या आत एक वापरलेली गाडी शोधताना मला हे पदोपदी जाणवलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड सांभाळणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. तिथे पहिला प्रश्न ‘हे चांगलं आहे का’ हा नसतो. ‘हे असं का केलं असेल’ हा असतो. गाडीलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

‘डिझेलला मरण नाही’ हे कुठून आलं?

बाबांचं ठाम मत होतं: “डिझेल इंजिनाला मरण नसतं, पोरी. एकदा घे, विसरून जा.” वाईजवळच्या आमच्या गावात असं म्हणणारे बाबा एकटे नाहीत. आणि ते खोटंही बोलत नव्हते. फक्त ते ज्या इंजिनाबद्दल बोलत होते, ते आता बाजारात जवळपास उरलेलं नाही.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाललं. त्याची युक्ती अशी की ठिणगी द्यायची गरजच नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, मग त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेटतं. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण साधारण दहापट दाबलं जातं, डिझेलच्या इंजिनात हवा सोळा ते वीसपट. एवढा दाब सोसायचा म्हणजे ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं जाडजूड हवं. म्हणून जुनी डिझेल इंजिनं जड होती, आवाज करायची, हळू चालायची आणि टिकायची.

भारतात मोटारगाडीत डिझेल आलं ते १९८० च्या सुमारास, अँबॅसिडरमधून. मग डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची पुण्यात बनलेली इंडिका आली. तिच्यातलं १.४ लिटरचं डिझेल इंजिन साधं होतं: टर्बो नाही, यांत्रिक पंप. त्याला पिकअप नव्हता, पण तालुक्याच्या गावातला मिस्त्री पाना घेऊन बसला की ते उघडून परत बांधू शकत होता. टॅक्सीवाल्यांनी ती अक्षरशः राबवली. ‘डिझेलला मरण नाही’ ही म्हण त्या पिढीची कमाई आहे.

पुढच्या पिढीच्या इंजिनाने आडनाव तेच ठेवलं, आतलं घर मात्र पूर्ण बदललं.

इटलीत जन्मलेलं, रांजणगावात वाढलेलं

१९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही गाडी बाजारात आली. कॉमन रेल डिझेल इंजिन असलेली ती पहिली मोटारगाडी. या तंत्राचा पाया फियाटच्या संशोधकांनी घातला आणि ते उत्पादनापर्यंत नेलं बॉश कंपनीने. कल्पना अशी: प्रत्येक सिलिंडरला पंपाने वेगवेगळं डिझेल ढकलण्याऐवजी एका जाड नळीत ते प्रचंड दाबाखाली तयार ठेवायचं आणि काँप्युटरच्या हुकमावर इंजेक्टरने नेमक्या क्षणी नेमका थेंब सोडायचा. सुरुवातीलाच हा दाब १,३५० बारच्या घरात होता. तुलनेसाठी, आपल्या गाडीच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते.

यातून डिझेल गाडी शांत झाली, पळायला लागली. २००३ मध्ये फियाटने हेच तंत्र १,२४८ सीसीच्या छोट्या इंजिनात बसवलं. त्याचं नाव मल्टिजेट. जानेवारी २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ या नावाने आलं आणि पुढची १३ वर्षं भारतातल्या रस्त्यांवर त्याचंच राज्य होतं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा या मारुतीच्या. इंडिका व्हिस्टा, मान्झा, झेस्ट या टाटांच्या. पुंटो, लिनिआ या फियाटच्या. शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉय. सगळ्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन, नावं वेगवेगळी. मारुती ते मानेसरला बनवत होती, फियाट आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला. २०१२ मध्ये मारुतीला स्वतःची इंजिनं पुरेनात, तेव्हा वर्षाला १ लाख इंजिनं फियाटकडून घेण्याचा करार झाला. या इंजिनाला लोक गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

फियाटच्या स्वतःच्या गाड्या मात्र इथे फारशा विकल्या गेल्या नाहीत. ज्या कंपनीच्या ११०० वरून कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी निघाली आणि मुंबईची काळी-पिवळी झाली, तिचं इंजिन दुसऱ्यांच्या गाड्यांत घरोघरी पोचलं आणि तिचा बिल्ला मागे राहिला.

पण एवढी मागणी केवळ इंजिन चांगलं होतं म्हणून आली नाही.

३२ रुपयांची दरी

डिझेल हे शेतकऱ्याच्या पंपाचं, ट्रॅक्टरचं, ट्रकचं, एसटीचं इंधन. म्हणून सरकार त्याचा भाव दाबून ठेवत असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला, डिझेलचा झाला नाही. दरी वाढत गेली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे होतं आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक!

शेतकऱ्यासाठी ठेवलेला स्वस्तपणा स्विफ्टच्या टाकीत जायला लागला. किरीट पारीख समितीने २०१० च्या सुरुवातीलाच हे ओळखून डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचा जादा कर सुचवला होता. तो लागला नाही. २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या मोटारगाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. आज बाजारात लाख-दीड लाख रनिंगच्या इतक्या डिझेल गाड्या दिसतात, त्याचं मूळ या दरीत आहे.

मग सगळं उलटायला लागलं. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वाढू लागलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचाही भाव मोकळा झाला. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक आलं. छोट्या डिझेल इंजिनाचा धूर त्या मानकात बसवण्याचा खर्च परवडणार नाही, असं ठरवून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. राष्ट्रीय इंजिन निवृत्त झालं. ते बसवलेल्या लाखो गाड्या मात्र सेकंड हँड बाजारात उभ्या राहिल्या.

हिशेब

आता कागदावर आकडे मांडू. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि डिझेल २० देते असं मी धरलं आहे. तुमच्या गाडीचं अॅव्हरेज वेगळं असेल तर तुम्ही तुमचे आकडे घाला.

२०१२ च्या दिल्लीच्या भावाने पेट्रोल गाडीचा किलोमीटरचा खर्च ४ रुपये ८८ पैसे, डिझेलचा २ रुपये ५ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ८३ पैसे वाचले. पहिल्या मालकाने १ लाख ३० हजार किलोमीटर गाडी चालवली असेल तर त्याच्या खिशात अंदाजे साडेतीन लाख रुपये राहिले. नवी घेताना डिझेलसाठी त्याने लाखभर जास्त मोजले असतील, तरी तो फायद्यातच.

आजच्यासाठी पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू. किलोमीटरमागे बचत होते २ रुपये ३८ पैसे. म्हणजे बचत संपलेली नाही. पण आता तिचा मोठा भाग अॅव्हरेजमधून येतो, भावातून कमी. आणि २०१२ च्या २ रुपये ८३ पैशांना जी किंमत होती, ती आजच्या २ रुपये ३८ पैशांना नाही.

बाबांचं रनिंग वर्षाला ७ हजार किलोमीटर. घर, शेत, वाईचा बाजार, महिन्यातून एकदा सातारा. म्हणजे वर्षाला बचत १६ हजार ६६० रुपये. दीड लाख किलोमीटर झालेल्या कॉमन रेल इंजिनात काय काय निघू शकतं? इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो, काजळीने तुंबलेला ईजीआर व्हॉल्व्ह. मल्टिजेटमध्ये तर टायमिंगची साखळीही ताणते. सकाळी थंड इंजिन चालू करताना तिचा खडखडाट कानाला कळतो. यातलं एखादंच मोठं काम निघालं तरी दोन-तीन वर्षांची बचत गॅरेजमध्ये जमा होते. आणि थेंबाचा हिशेब काँप्युटर करतो, त्यामुळे हे काम नुसत्या पान्याने होत नाही. मशीन लागतं, इंजेक्टर तपासणारं केंद्र लागतं.

हेच रनिंग वर्षाला २० हजार असतं तर बचत ४७ हजार ६०० झाली असती आणि मी डिझेलच घेतलं असतं. इंजिन तेच, गाडी तीच. बदलला तो फक्त चालवणारा.

पेट्रोलही इतिहासातून सुटलेलं नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १ एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. अशा चारचाकींचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, असं निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. १५ चं अॅव्हरेज १४ वर येतं. २०१५ ची पेट्रोल गाडी घेताना हा खर्च धरावा, शिवाय इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत.

तरीही कमी रनिंगच्या माणसासाठी टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन दीड लाखाच्या पुढेही निभावतं. त्याच्यात दाब कमी, महागडे भाग कमी. मारुतीच्या के-सिरीजसारख्या इंजिनांत टायमिंगला साखळी आहे. ज्या इंजिनात पट्टा असतो तिथे तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, नाहीतर तुटल्यावर इंजिन उतरवायची वेळ येते. जुन्या अडीच लिटरच्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच आहे. म्हणून ‘इनोव्हा काय, पाच लाख पळते’ असं कुणी म्हणालं की पट्टा शेवटचा कधी बदलला ते विचारावं.

डाव्या पायाचा इतिहास

इंजिनाचा निर्णय हिशेबाने झाला. गिअरबॉक्सचा हिशेबाने होणार नव्हता, कारण तिथे प्रश्न बाबांच्या डाव्या गुडघ्याचा होता. बाजाराच्या दिवशी गर्दीत पन्नास वेळा क्लच दाबला की रात्री गुडघा सुजतो. ऑटोमॅटिक हवं होतं, आणि जास्त रनिंगची ऑटोमॅटिक गाडी म्हटलं की गावात सगळे नको म्हणतात. पण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं आहेत. चौघांचा जन्म वेगळा, म्हणून म्हातारपणही वेगळं.

सगळ्यात जुनं टॉर्क कन्व्हर्टरचं. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजासाठी. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो; इथे हवेऐवजी तेल. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये त्याचाच साधा भाऊ, म्हणजे फ्लुइड कपलिंग, चार गिअरच्या संचाला जोडून ‘हायड्रा-मॅटिक’ विकायला काढलं. त्याचा मुख्य शिल्पकार अर्ल थॉम्पसन. मॅन्युअल गिअर न खरखरता पडावेत म्हणून जे सिंक्रोमेश असतं, तेही त्याचंच. १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आलेलं. दुसऱ्या महायुद्धात हायड्रा-मॅटिक रणगाड्यांतही बसवलं गेलं. तेलातून ताकद जात असल्याने हे यंत्र धक्के सोसतं आणि तेल वेळेवर बदललं तर लांब टिकतं. दुखणं एकच: आतलं काम निघालं तर ते मोठं असतं आणि करणारी माणसं थोडी. जुनी आय-टेन ऑटोमॅटिक, २००८ ते २०१३ ची सिटी ऑटोमॅटिक या गटातल्या.

दुसरं सीव्हीटी. १९५८ मध्ये हॉलंडच्या डाफ कंपनीने हुब व्हान डॉर्न यांच्या कल्पनेवर ‘डाफ ६००’ काढली. तिच्यात गिअर नव्हतेच. दोन पुल्या आणि त्यांच्यावर रबरी पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात आणि वेग बदलतो. ही कल्पना पुणेकरांना परकी नाही. १९८४ मध्ये आलेली कायनेटिक होंडा याच तत्त्वावर चालायची, आणि आजची अॅक्टिव्हाही. स्कूटरचा पट्टा झिजला की कोपऱ्यावरचा मेकॅनिक तासाभरात बदलतो. मोटारीत मात्र रबर पुरेना. तिथे स्टीलच्या शेकडो बारीक पट्ट्यांचा पट्टा आला. १९८७ मध्ये सुबारूने तो जस्टी या छोट्या गाडीत बसवून विकला. २०१४ ची सिटी, २०१५ ची बलेनो यांच्या सीव्हीटी आवृत्त्यांत हेच आहे. चालवायला लोण्यासारखी. पण पट्टा आणि पुली यांच्यातली पकड त्या खास तेलावर अवलंबून असते. तेल कधी बदललं त्याची पावती नसेल तर लाखभर किलोमीटरची सीव्हीटी म्हणजे बंद पेटी.

तिसरं दुहेरी क्लचचं. एक क्लच एकी गिअर सांभाळतो, दुसरा बेकी. पुढचा गिअर आधीच तयार असतो. शर्यतीच्या गाड्यांतून हे २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मध्ये आलं. पुढे छोट्या गाड्यांसाठी कोरड्या क्लचचा सात गिअरचा अवतार आला आणि तो भारतातही पोलो, व्हेंटोमध्ये मिळाला. २०१३ मध्ये चीनमध्ये या जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. रांगत्या ट्रॅफिकमध्ये कोरडा क्लच तापतो. मोकळ्या हमरस्त्यासाठी हे यंत्र सुंदर आहे. गावच्या बाजारासाठी आणि वॉरंटी संपल्यावर मी ते घेणार नाही.

चौथं एएमटी, आणि त्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या कळा दाबून गिअर बदलणारी गाडी उतरवली. क्लचचं काम हायड्रॉलिक यंत्रणा करायची. ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल तिच्यावर जिंकला. हे काम करणाऱ्यांत इटलीची मॅग्नेटी मारेली कंपनी होती. पुढे तिने हे तंत्र साध्या गाड्यांसाठी उतरवलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ते मारुतीच्या सेलेरिओत आलं. पद्धत तीच: गिअरबॉक्स जुनाच मॅन्युअल, क्लचही जुनाच, फक्त पाय आणि हात यांच्या जागी एक यंत्र. शर्यतीत ते सेकंदाचा काही भाग वाचवायला आलं. इथे क्लचने दमलेल्या डाव्या पायांसाठी. स्वस्त होतं म्हणून आलं, आणि गिअर बदलताना मान डोलते म्हणून लोक त्याला हसलेही. पण सेकंड हँड घेणाऱ्यासाठी त्यात एक मोठी गोष्ट आहे: आतलं यंत्र ओळखीचं आहे.

उघडणारा माणूस

आमच्यापुढे शेवटी तीन गाड्या उरल्या. १ लाख ४० हजार रनिंगची डिझेल स्विफ्ट, मॅन्युअल. १ लाख १० हजारांची सिटी, सीव्हीटी. आणि ९५ हजारांची पेट्रोल सेलेरिओ, एएमटी. वाईच्या एका मिस्त्रींना तिन्ही दाखवल्या. स्विफ्टबद्दल ते म्हणाले, “हे इंजिन मी डोळे मिटून खोलतो, पण इंजेक्टर साताऱ्याला पाठवावे लागतील.” सिटीचं गिअर तेल कधी बदललं याची पावती मालकाकडे नव्हती. “ताई, ही पेटी मी उघडणार नाही. पुण्याला न्यावी लागेल.” सेलेरिओला ते म्हणाले, “क्लच मी घालतो. वरच्या यंत्राचं काही झालं तर कंपनीत.”

इतका वेळ मी यंत्रांची तुलना करत होते. त्यांनी एका वाक्यात वेगळा निकष दिला: बिघडल्यावर हे कोण उघडणार, आणि तो घरापासून किती लांब आहे?

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हे पाठ असतं. सगळ्यात हुशार प्रणाली टिकत नाही. जी समजणारी माणसं आसपास असतात ती टिकते. अँबॅसिडर आणि इंडिका ‘अमर’ होत्या त्या याच अर्थाने. त्या बिघडायच्या, पण कुठेही दुरुस्त व्हायच्या. मुंबईतली पद्मिनी टॅक्सीसुद्धा यंत्र संपलं म्हणून गेली नाही. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. २० वर्षांची मुदत भरली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने रस्ता सोडला. तोपर्यंत तिला उघडणारे हात शहरात होते.

आम्ही सेलेरिओ घेतली. घेण्याआधी मी तीन गोष्टी केल्या. सकाळी न सांगता गेले आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. ते थंड होतं, म्हणजे मालकाने इंजिन आधीच तापवून ठेवलं नव्हतं. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर वर्षांच्या क्रमाने लावून बघितले. मीटर मागे फिरवलेलं असेल तर आकडे कुठेतरी अडखळतात. आणि पसरणीच्या घाटात चढावर थांबवून परत उचलली. क्लच संपत आला असेल तर गाडी तिथे थरथरते. क्लच अर्धा गेलेला निघाला. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले आणि किमतीचा दहावा हिस्सा वरच्या यंत्रासाठी बाजूला ठेवला.

बाबांना एकच सवय लावून घ्यावी लागली: चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. एएमटीचा क्लच तसं तोलून धरण्यातच जळतो. सुरुवातीला ते कुरकुरले, मग म्हणाले, “म्हणजे माझा गुडघा आता गाडीला लावलाय, त्याला जपायचं.” एएमटी इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं.

पुढच्या खरेदीदारासाठी

हे सगळं फक्त जुन्या गाड्यांपुरतं नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या आता सेकंड हँड बाजारात येतायत. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब, गरम पळवावी लागते. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या पहिल्या मालकाने ती तुंबवलेली असू शकते, मीटरवर फक्त ४० हजार दिसत असतानाही. तिथे कमी रनिंग हीच शंकेची गोष्ट ठरते. टर्बो पेट्रोल, हायब्रिड, बॅटरीच्या गाड्या यांच्याही दुसऱ्या मालकांची पाळी येणारच आहे. आज नवी गाडी घेताना मिळणारी करसवलत आणि आज स्वस्त पडणारं इंधन हे सगळं पहिल्या मालकाच्या खात्यात जमा होतं.

म्हणून विकणाऱ्याला ‘रनिंग किती’ हे जरूर विचारा, पण सोबत आणखी तीन प्रश्न विचारा. ही गाडी नवी घेतली तेव्हा तुम्ही हेच इंजिन का घेतलं? तुमचं रोजचं चालवणं कसं होतं? आणि हिचं काम कुठे करून घेता? पहिल्या उत्तरात तुम्हाला तो काळ कळेल, दुसऱ्यात झीज, आणि तिसऱ्यात गाडी उघडणाऱ्या माणसाचा पत्ता. तो पत्ता तुमच्या गावापासून लांब असेल, तर किंमत कितीही कमी वाटली तरी ती गाडी तुम्हाला महाग पडेल.